सरळ रेघ

पहिले तीन महिने सुईला हात लावायचा नाही.
फरशी पुसायची, आरसा पुसायचा,
दुपारी दोनला नवी पेठ उन्हात हलत असते तेव्हा
मल्लिनाथ सरांचा बिनसाखरेचा चहा आणायचा,
आणि रेघा ओढायच्या.
वहीत, वर्तमानपत्रावर, केळाच्या सालीवर,
मग लिंबावर.
"लिंबातून पाणी आलं की समज,
माणसातून रक्त आलं असतं."

शाई लागलेली लिंबं आई टाकू देत नाही.
त्यांनीच तांब्याची घागर घासते.
आमच्या घरात माझ्या चुका अशा लखलखतात.

नाना जॅकार्डची कार्डं पाडायचे.
पुठ्ठ्यात एक भोक चुकलं की मोराची मान मोडायची
आणि तशीच मोडून जायची
दोनशे चादरींवर, लातूर, हुबळी, कुठं कुठं.
लोक पांघरून झोपायचे. तक्रार कुणाची आली नाही.
"तुझं तसं नाही," नाना म्हणाले,
"तुझा मोर उठून परत दुकानात येईल."

येतातही.
अशोक चौकातला एक पोरगा
पाडव्याला छातीवर 'भाग्यलक्ष्मी' लिहून घेऊन गेला,
वटपौर्णिमेच्या आत परत.
"काय तर मोठं टाका की सर हिच्यावर."
सरांनी गरुड टाकला.
पंखाखाली अजून 'क्ष्मी' दिसते,
उजेड तिरपा असला तर.
तेव्हापासून मला नियम:
नाव विचारायचं, वय विचारायचं,
ओळख किती दिवसांची ते विचारायचं नाही.

सरांचे वडील गड्ड्याच्या जत्रेत गोंदायचे.
स्कूटरची बॅटरी, वाटीत हिरवी शाई,
अख्ख्या जत्रेला एक सुई.
हे सांगताना सर दरवेळी
हातातले मोजे काढतात, नवे घालतात.

चौथ्या महिन्यात म्हणाले, आता कातडी.
घरातलं कुणीतरी आण,
भांडण झालं तर घरातच राहील.

आई मांडीवर सूप घेऊन बसलेली.
तिच्या कपाळावर पच्चबोट्टू आहे, हनुवटीवर तीन टिंबं.
कुणी काढली ते तिला आठवत नाही,
आपण रडलो नव्हतो एवढंच आठवतं.
मी गुलाब म्हणाले, कमळ म्हणाले,
नानांचं नाव म्हणाले,
त्यावर ती हसली आणि दोरा दातांनी तोडला.
मग डाव्या हाताचं बोट पुढं केलं.
"इथं एक रेघ मार. टोकापासून विडीएवढी.
आखूड आहे म्हणून चेकर रोज छाट काढायलाय.
त्याच्या पट्टीपेक्षा माझी पट्टी बरी."

सर म्हणाले, बोटावर शाई टिकत नसते, अम्मा.
"विडी तरी कुठं टिकते?"

नवी सुई पाकीट फाडून काढली.
मशीन मुठीत, पकडलेल्या भुंग्यासारखं.
आईचं बोट तंबाखूनं पिवळं, दोऱ्यानं चिरलेलं;
बँकेत या बोटाचा ठसा उमटत नाही,
बाई दोन-दोनदा पुसून लावायला सांगते.
त्याच्यावर आधीच इतक्या रेघा होत्या
की माझी कुठं ठेवायची कळेना.

अर्धा इंच. चार श्वास.
शेवटाला जरा जाड झाली.
आईनं कनवटीची विडी काढून बोटाला लावली,
भरली बरोबर.
सरांनी भिंगातून बघितलं, बोलले काहीच नाहीत.
त्या दिवशी चहा आणायला तेच गेले.

दिवाळीपर्यंत रेघ पुसट.
पाण्यात हात, पानात हात, राहणार कशी.
मी बोट उजेडात धरून बघत राहिले तर आई म्हणाली,
"बघायलीस काय? परत मार.
लिंबं काय फुकट येतात?"