मोजणी

लेरोले मला उजव्या बाजूने चढू देते.
आमच्या मुलखात सगळे डावीकडून चढतात.
तिला हे शिकवायला दोन हिवाळे गेले,
मला शिकायला त्याहून जास्त.

डावा पाय गुडघ्याखाली वेल्कमच्या खाणीत आहे,
दोन हजार मीटर खोल.
वर जे आलं ते मासेरूच्या दवाखान्यातलं प्लास्टिक,
कुणा गोऱ्या माणसाच्या कातडीचा रंग.
त्याला रिकीब कळत नाही.
म्हणून टायरच्या रबराची पट्टी, एक वेढा टाचेला, एक रिकिबीला,
आणि घोडी घसरलीच तर कापायला
कमरेला सुरी.

पायाखालची वाट, असं आपण म्हणतो.
माझ्या एकाच पायाखालची आहे.

खाणीने मोबदला दिला, त्याची एकतीस मेंढरं घेतली.
उन्हाळाभर ती वर कुरणात असतात, ढगांना लागून.
पाय बघून येतो, म्हणालो,
तर माखोत्सो म्हणाली, मग त्याला मीठ घेऊन जा,
आणि दोन शेर खडे मीठ
खोगिराला बांधलंसुद्धा.

नदीत पाणी पोटऱ्यांपर्यंत.
म्हणजे एका पोटरीपर्यंत.
दुसरीकडे नुसताच आवाज, पोकळीत पाणी शिरल्याचा.
पलीकडे उतरून पाय काढला, उलटा धरला,
ओतला. एक बारकी मासोळी पडली.
लेरोलेने तिचा वास घेतला, मी ती नदीत परत टाकली.
एवढ्यात अर्धा तास गेला.
धडधाकट माणसं हा उतार तेवढ्यात चढून जातात.
त्यांना मासोळी भेटत नाही, एवढंच म्हणेन,
जास्त काही म्हणायचं नाही.

दगडी खोपटात गोवऱ्यांचा धूर, पापाचं काळं मडकं.
रामोहापीने मेंढरं वाड्यात सोडली, मी दारात बसून मोजली.
तीस.
पुन्हा मोजली. तीस.
धाकट्या थान्किसोने मान खाली घातली.
कड्याखालच्या घळीत ओरडतंय, म्हणाला, कालपासून,
तिथे घोडं जात नाही.

घोडं जात नाही म्हणजे मी जात नाही,
हे तो बोलला नाही.

सकाळी घळीच्या तोंडाशी उतरलो.
खाली नुसती घसरडी खडी, ताटात सांडलेल्या डाळीसारखी.
प्लास्टिकचा पाय टेकला तर तो आपल्या वाटेने निघाला.
मग पट्टे सोडले, त्याला एका सपाट खडकावर उभा केला,
घोंगडी कमरेखाली घेतली,
आणि बुडावर बसून, हात टेकत,
घसरत निघालो.

थान्किसो हसला.
रामोहापीने त्याच्या टाळक्यात टपली मारली.
मी वर बघितलं नाही. हाताला खडे टोचत होते,
वय बावन्न, आणि लाजेला वेळ नव्हता.
थोड्या वेळाने मागे खडी खडखडली:
पोरगं स्वतःच बसून घसरत येत होतं,
पाय वर धरून, दोन्ही.

मेंढी दोन दगडांच्या फटीत, तोंड फेसाळलेलं, जिवंत.
मी तिचे मागचे पाय धरले, त्याने शिंगाजवळ ढकललं.
सुटली तेव्हा माझ्या छातीवरून पळाली,
धन्याचीही ओळख ठेवली नाही.

वर चढायला दुपार झाली. कोपरं, गुडघा, कोपरं.
खडकाशी पोचलो तर
तिथे हाडं खाणारं गिधाड बसलेलं,
माझ्या पायासमोर.
मान तिरकी करून बघितलं त्याने, एकदा इकडून,
एकदा तिकडून. चोचीने ठोठावलं.
पोकळ वाजलं.
मग ते आपल्याला फसवल्यासारखं उडालं
आणि कितीतरी वेळ आमच्यावर घिरट्या घालत राहिलं,
हिशेब जुळत नसल्यासारखं.

रात्री मीठ वाटलं.
एकतीस जिभा, खरबरीत, ऊन.
शेवटची तीच होती, फटीतली.
तिने तळहातावरचं मीठ संपवलं, मग खरचटल्यावरचं रक्तही,
आणि मी हात
काढून घेतला नाही.