पावती

धंतोलीतल्या निखाडे डॉक्टरीण म्हणाल्या,
झोपायचं नाही. जागेपणी बघायचं.
जे दिसेल त्याला ढकलू नका, नटवू नका,
फक्त विचारा, आणि थांबा.
प्रश्न उजव्या हातानं लिहा,
उत्तर डाव्या.

एकतीस वर्षं एजी ऑफिसात मी आक्षेप काढले.
व्हाउचर नाही, तर खर्च झालाच नाही.
मला हे जमेल असं
बाईंना कशावरून वाटलं, कोण जाणे.

मे महिना. सेहेचाळीस पॉइंट दोन.
त्रिमूर्ती नगरात भर दुपारी कुत्रंसुद्धा भुंकत नाही.
खिडकीत कूलर, ओल्या वाळ्याचा वास,
खाली टाकीत पंपाची गुणगुण.
मी डोळे मिटले. जांभळं काहीतरी. मग काहीच नाही.
मग, गॅसवर दूध ठेवलंय का?
तीन दिवस तेच. दूध.

चौथ्या दिवशी टाकीतल्या पाण्याखाली
एक पायरी दिसली.

उतरले. पाणी घोट्याला, मग गुडघ्याला.
तळाशी आमचीच रेकॉर्ड रूम,
लाल फितीच्या फायली उताण्या तरंगत होत्या.
आणि कोपऱ्यातल्या ढिगावर ती बसलेली,
काळी, कामट्यांची, अंगाला कागद चिकटवलेला,
डोळे परातीएवढे.
संत्रं सोलत होती. सालं पाण्यात टाकत होती,
सरकारी पाण्यात.

मी लिहिलं, उजव्या हातानं, शुद्ध मराठीत:
आपण कोण? येथे कोणाच्या परवानगीने?

डावा हात वहीवर बराच वेळ नुसता पडून होता.
मग त्यानं अक्षरं काढली, पहिलीतल्या पोरीची,
ओळीबाहेर घसरणारी:
काऊन वं कुंदे, ओयखलं नाही मले?

माझी आई असं बोलायची.
नोकरी लागल्यावर सहा महिन्यांत
मी ते बोलणं तोंडातून धुऊन काढलं होतं.

बापाच्या खांद्यावर बसून वरडली होती तू,
हात लिहीत गेला,
इतवारीत, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी.
घेऊन जा गे मारबत!
सारे म्हणे रोगराई. तू काय म्हणली? सांग.

मी लिहिलं, आठवत नाही.
खोटं. वहीत अजून दिसतो
तिथं शाईचा ठिपका फुगलेला.

मी म्हटलं होतं, डावा हात घेऊन जा.
चिटणीस बाई पट्टी उभी धरून मारायच्या त्याच्यावर.
आई रात्री त्याला फडकं बांधायची, रडत,
आणि तरी गाठ पक्की असायची.
त्या दिवशी मी धूर वर जाताना पाहिला.
दिवाळीपर्यंत उजव्यानं लिहायला लागले.
वर्गात पहिली आले.
त्यानंतर मी कधीच काही चित्र काढलं नाही,
हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

तुनं देल्ला, मी नेला, ती म्हणाली.
मले दरसाल जाळतात, मी दरसाल येतो.
हा मात्र जळला नाही. मांडीवरच हाय माह्या.

मी विचारलं, परत देता का?
या वेळी "आपण" लिहायचं विसरले.

तिनं एक फोड तोंडात टाकली.
बिया थुंकल्या. सावकाश.
मग माझ्याच हातानं लिहिलं:
पावती हाये का?

मी हसले. एकटीच, कूलरसमोर, मोठ्यानं.
आणि तेव्हा स्वयंपाकघरातून
दूध जळाल्याचा वास आला. खरोखरचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी खामल्याच्या बाजारात
पालकाची जुडी घेतली.
वीसची नोट पुढे झाली, तेव्हा पाहिलं
कोणत्या हातात होती.
पोरगा म्हणाला, काकू, उजव्यानं द्या ना, बोहणी आहे.

मागे चार बाया उभ्या होत्या.
नोट वाऱ्यानं फडफडत होती.
मी हात मागे घेतला नाही.
पुढे काय करायचं, ते
त्यालाच विचारून थांबले.