रकाना सातवा

नोकरी सोडण्याचं कारण: फॉर्मवरचा सातवा रकाना,
खाली दोन ओळींची जागा.
येसेनिया पाइयान समोर बसली आहे,
ओल्या कोटाची बाही मुडपून.
मनगटावर भाजल्याचा डाग, नाण्याएवढा.
बाहेर पाऊस. वाल्दिव्हियात जूनमध्ये
पावसाची दखल कुणी घेत नाही.

तिला मीच पाठवलं होतं कांपिनासला, सात महिने.
रेक्टरच्या कचेरीत खेटे घालून
‘कर्मचारी विकास’ या शीर्षाखालचे उरलेसुरले पैसे
तिच्या तिकिटाला लावले.
निबाल्दोचे हात थरथरू लागले होते
आणि अख्ख्या विद्यापीठात काच फुंकणारा तो एकटा.
रसायनवाले त्याच्याकडे फुटका कंडेन्सर घेऊन येत
आजारी कोंबडी आणावी तसा, छातीशी धरून.

ती परतली, आणि काचेला काच अशी जोडू लागली
की सांधा बोटाला लागू नये.
निबाल्दो एकदा माझ्या दारात येऊन म्हणाला,
‘पोरीचा हात बसला.’
एवढंच. मी तारीख लिहून ठेवली.

आता अँतोफागास्ता. तांब्याची खाण,
तिच्या प्रयोगशाळेत अडीचपट पगार,
वर आईच्या डायलिसिसचा विमा.

करारात कलम आहे: दोन वर्षं थांबा,
नाहीतर कोर्सचा खर्च भरा.
झालेत चौदा महिने.
फाइल माझ्या कोपराखाली आहे, तिला ठाऊक आहे,
म्हणून ती खिडकीतल्या बरण्यांकडे बघते.

बरण्या माझ्या. उन्हाळा सरताना
मी मुर्त्याची बोरं पाकात घालते,
झाकण घट्ट लावलं की वर्षभर टिकतात.
जानेवारीत ‘मनुष्यबळ टिकवण्याचा आराखडा’ लिहिला,
चौतीस पानं, पानोपानी टिकवणे, टिकवणे,
शेवटी डोळ्यांपुढे नुसत्या बरण्याच:
भूगोल विभाग पाकात, ग्रंथालय मिठात,
झाकणाखाली माणसं,
आकसलेली, गोड.

टिकणं वेगळं, मुरणं वेगळं.
निबाल्दो सांगतो, तापलेली काच घाईनं गार केली
तर ती लगेच फुटत नाही.
रात्री, कुणी नसताना,
कपाटात आपली आपण तडकते.

‘काय दिलं तर थांबशील?’
हा प्रश्न फॉर्मवर नाही.
‘कायम करा,’ ती म्हणाली, आणि हसली.
मीही हसले.
माझा करार अकरा वर्षं डिसेंबरात संपतो,
मार्चात पुन्हा सुरू होतो,
मधले दोन महिने मी कुणाचीच नसते.
म्हणजे आराखडा लिहिला तेव्हाही नव्हते.

सातव्या रकान्यात मी लिहिलं, ‘कौटुंबिक’.
कौटुंबिक कारणाला वसुली माफ असते.
खोटं काही नाही. आई खरी, डायलिसिस खरं.
दोन ओळींपैकी दीड ओळ कोरी राहिली.

जाताना तिला एक बरणी दिली.
‘रिकामी झाली की पाठव परत.’
तिनं बरणी उजेडात धरली, बोरं नाही पाहिली,
तळाची काच पाहिली,
आतला बारीक बुडबुडा,
आणि नाक मुरडलं.

संध्याकाळी निबाल्दो आला. सोबत एक पोरगा,
भांडारात खोकी उचलणारा, एलिसेओ की काय नाव.
रोज भट्टीच्या दाराशी उभा असतो म्हणे,
हाकलला तरी.
‘ह्याला पाठवायचं.’
मी म्हटलं, हाही जाईल.
निबाल्दोनं थरथरता हात खिशात घातला.
‘जाईल की. आज कुठे चाललाय?’

शीर्षाखाली शिल्लक: शून्य.
पोराला खुर्ची दिली, नाव नीट विचारलं,
आडनावात एच येतो का तेही.
उद्या सकाळी रेक्टरची कचेरी,
खेटा पहिला.