हेळवी

महाप्याच्या एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर,
शुक्रवारी आम्ही अंडी फोडतो.
दोनशे दहा. तुर्भे मार्केटची.
त्यात मीठ, ग्लिसरीन, हिरवा रंग,
बाटल्या तिरप्या ठेवून उष्णतेवर घट्ट करायच्या.
नवी मुलगी म्हणाली, खरवस!
सहा आठवड्यांनी त्या खरवसावर
भाकरीचा चुरा उगवतो.
तो म्हणजे तो.

त्याला घाई नाही.
चव्वेचाळीस लाख अक्षरांची पोथी,
नक्कल करताना दोन वर्षांत चुकतं
एखादंच अक्षर.
आमच्या कुंभारगुरुजींनी त्याला पहिला नंबर दिला असता.

गावी, जतकडे, हेळवी यायचा बैलावर बसून.
अंगणात वही उघडायचा, श्वास न घेता वाचायचा:
अमक्याचा तमका, त्याला दोन बायका,
थोरलीचा वंश बुडाला, धाकटीचे तिघे,
मधला सोलापूरला गेला, पुढचं ठाऊक नाही.
आई सुपात जोंधळे घेऊन उभी.
मला वाटायचं, कुणीतरी लिहून ठेवतंय,
म्हणजे आपण आहोत.

आता बैलाच्या जागी मशीन आहे, थंड खोली आहे
आणि वाचणारी मी.
हे पहिलं कुळ, समुद्राच्या काठाकाठानं फिरलेलं.
हे तिसरं, आपल्याकडंच मुरलेलं.
हे दुसरं, पूर्वेकडचं, औषधं पचवण्यात तरबेज,
ताश्कंदला, लिमाला, केपटाऊनला त्याचे भाऊबंद.
मूळ गाव सगळ्यांचं आफ्रिका.
आपलंही तेच.
बरोबरच निघालो होतो.

नमुना ३११७.
'सी' हवा तिथे 'टी'.
एवढंच. 'दिन'ची वेलांटी फिरली की 'दीन',
तसं रिफाम्पिसिन गेलं.

तुर्भ्याच्या दगडखाणीवर डंपरचा हिशेब लिहिणारा, वय एकोणतीस.
आणि गेल्या वर्षीची २६४०,
ऐरोलीतल्या काचेच्या इमारतीतली, वय चोवीस,
बेडाक्विलिनवर आहे, वजन वाढलंय, नोकरी गेली.
झाडावर दोघं एकाच डहाळीला.
अंतर शून्य अक्षरं.

पाटोळे सुपरवायझर फोनवर वैतागले:
"मॅडम, दोघंही म्हणतात ओळखत नाही.
घरं लांब, भाषा वेगळी, जात तर सोडाच."
मी म्हटलं, वही खोटं बोलत नाही.
(हेळवीही असंच म्हणायचा.
तो कधीकधी बोलायचा.)

तीन आठवड्यांनी सापडलं.
रबाळ्याला मेडिकलच्या वर एक अभ्यासिका,
महिना सातशे, बावीस खुर्च्या, एसी.
तो तलाठ्याच्या परीक्षेला बसणार होता, ती बँकेच्या.
चार महिने पाठीला पाठ लावून वाचत होते,
एक शब्द न बोलता.
भिंतीवर पाटी: शांतता राखा.
खोकला त्यात येत नाही.

खिडकी होती. रंगात चिकटून बसलेली.
पाटोळ्यांनी चमच्यानं खरवडून उघडली,
तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, डास येतील.

पण झाडावर त्या दोघांच्या खाली एक गाठ आहे, रिकामी.
ज्याच्या छातीत ते अक्षर पहिल्यांदा फिरलं,
ज्यानं दोन महिने गोळ्या घेऊन बरं वाटतंय म्हणून सोडल्या,
किंवा ज्याला त्या मिळाल्याच नाहीत.
तो आमच्याकडे आला नाही.
बावीसपैकी चौदा जण तपासून गेले.

हेळव्याच्या वहीत अशा जागी एक रेघ असायची,
आणि तो तिथं थांबून
पाणी मागायचा.