बोटांचा घाम

तापकीर मॅडमची पेटी मी उचलायचो.
सागवानी पेटी, आत हिरवं मखमल,
मखमलात खड्डे, खड्ड्यांत पितळेची वजनं
दोन किलोपासून थेट एक ग्रॅमपर्यंत
पंगतीला बसल्यासारखी.
पहिल्याच दिवशी, मार्केट यार्डात, भुसार विभागात,
मी शंभर ग्रॅम दोन बोटांत उचललं.
त्या ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या,
"चिमटा घे, सुदाम. बोटाचा घाम वजनाला चढतो.
आज कळत नाही.
दहा वर्षांनी ते शंभरचं राहत नाही
आणि आपण मात्र त्यालाच शंभर म्हणत बसतो."

मला वाटलं, बाई वजनाबद्दल बोलतेय.

त्यांचे नियम बघून गाळेवाले हसायचे.
चहा नाही. खुर्ची नाही, तपासणी उभ्यानंच.
पिशवीत स्वतःची बाटली, बिबवेवाडीच्या नळाची.
कुणी बळेच कोथिंबिरीची जुडी पेटीवर ठेवली
तर पाच रुपये काढून द्यायच्या
आणि पावती मागायच्या.
कोथिंबिरीची पावती!
दारवटकर शेठ म्हणायचे,
"मॅडम, चहानं काय माणूस विकला जातो?"
"मोठा माणूस नाही जात, शेठ.
मी लहान आहे.
कड्याच्या टोकाला उभं राहून तोल सांभाळणं मला जमत नाही,
म्हणून मी दोन गावं अलीकडेच उतरते."

एकदा स्वारगेटला, बसची वाट बघताना,
मी काही विचारलं नव्हतं तरी सांगितलं:
हडपसरचा पेट्रोल पंप, लेकीची इंजिनियरिंगची फी,
पाकीट.
"घेतलं होतं मी.
केबिनच्या दारापासून रस्त्याच्या दिशेनं एकवीस पावलं
ते माझं होतं.
बाविसाव्याला मागे फिरले.
ऑफिसात म्हणतात, मॅडमनी पाकीट नाकारलं.
नाकारलं नाही रे, परत केलं.
हा फरक मी पुसला ना,
तर पुढच्या वेळी चाळीस पावलं जाईन."
अप्परची बस आली, गच्च भरलेली.
त्यांनी दोन तिकिटं काढली
आणि माझ्या तिकिटाचे सुटे माझ्याकडून मागून घेतले.

दर वर्षी आमची पेटीही जायची तपासायला,
तिच्याहून काटेकोर वजनांसमोर.
एका वर्षी वीस ग्रॅमचं नापास झालं.
मी म्हटलं, केसाएवढा फरक, कुणाला कळणार आहे?
त्यांनी रजिस्टरात लाल शाईनं लिहिलं,
स्वतःच्या हातानं, स्वतःची पेटी: नापास.
इतकं खूश मी त्यांना
कधी पाहिलं नव्हतं.

मग त्या निवृत्त झाल्या.
दुसऱ्या दिवशी सकाळी दारवटकरांच्या गाळ्यावर गेल्या,
खुर्चीत बसल्या,
दोन कप चहा प्यायल्या म्हणे. बशीत ओतून.

खात्याची परीक्षा देऊन आता मी निरीक्षक.
पेटी दुसरा पोरगा उचलतो.
गेल्या मंगळवारी, उन्हात, तीन गाळे झाल्यावर
दारवटकरांच्या धाकट्याकडे मी चहा घेतला.
काही घडलं नाही. त्याचा काटा बरोबरच होता.
फक्त मी तो एकदाच तपासला.
एरवी तीनदा तपासतो.

रात्री फोन केला.
पलीकडून बराच वेळ नुसता टीव्ही ऐकू आला.
मग, "साखर जास्त होती का रे?"
"होती."
"उद्या पैसे देऊन ये."

बुधवारी गेलो. दहाचं नाणं काउंटरवर ठेवायला गेलो
तर ते घरंगळलं, काट्याच्या ताटलीत पडलं
आणि लाल आकडा उमटला: आठ ग्रॅम.
धाकटा हसला.
मीही हसलो, थोडंसं,
मग पेटी उघडली
आणि चिमटा शोधू लागलो.