पाणी कुठवर

आठवडाभर पहिली, मग दुसरी, मग रात्रपाळी.
अंबडच्या कंपनीत अकरा वर्षं
मी असाच फिरतोय, लेथवरच्या जॉबसारखा.
रात्री तीनला कॅन्टीनचे गार पोहे,
सकाळी आठला खिडकीवर गोधडी,
आणि गांगुर्डे म्हणतो, सवय होते रे.

झाली. झोपेला माझी सवय सुटली.

कॅनडा कॉर्नरच्या दवाखान्यात
निकुंभ मॅडमनी चिठ्ठीमागे वर्तुळ काढलं.
पेशीपेशीत घड्याळ असतं म्हणाल्या, जनुकांचं.
दिवसा जनुक प्रथिन रचत जातं,
रात्री तेच साचून माघारी येतं
नि त्यालाच गप्प बसवतं.
ते विरलं, की पहाटे पुन्हा सुरू.
मी विचारलं, सेल कुठून बदलायचा?
त्या हसल्या नाहीत.

मग म्हणाल्या
(हे बहुतेक सांगायचं नव्हतं त्यांना),
मेलेल्यांचे मेंदू तपासले होते कुणीतरी.
ज्याचं मन धड होतं, त्याच्या पेशींवरून
अंदाज बांधता यायचा, किती वाजता गेला.
खचलेल्या माणसाच्या पेशींना
वेळ नीट सांगता येईना.

सिडकोत येईपर्यंत तेवढंच डोक्यात.
म्हणजे मी पहाटे गेलो की भर दुपारी,
माझं हे डोकं
कुणाला पत्ता लागू देणार नाही.

प्रणिता कधीच विचारत नाही, कसं वाटतंय.
विचारते, पाणी कुठवर?
गोदेचा पूर दुतोंड्या मारुतीवरून मोजतात, तसं.
मी म्हणतो, गुडघ्याला. कधी, कमरेला.
एकदा गळ्याशी म्हणालो.
त्या दिवशी तिने शाळा बुडवली,
समोर बसून दिवसभर
किलोभर वाल सोलले. काही बोलली नाही.

कायम दिवसपाळीसाठी अर्ज दिलाय.
ऑफिसातला कुलथे म्हणाला, कारण काय लिहू?
म्हटलं, जनुकं.
त्याने लिहिलं, घरगुती.

आता गोळी रात्री नऊला, उजेड सकाळी.
तोही औषधासारखाच, न चुकता.
गच्चीवर मफलर गुंडाळून आम्ही दोघं.
ऊन आधी पांडवलेण्याच्या डोंगराला लागतं,
मग टाक्यांवर, मग आमच्या पायांशी.
माझं घड्याळ तिच्या मुठीत.
न बघता सांग, किती वाजले?

सात?

तिने मूठ उघडली. सात चाळीस.
चाळीस मिनिटं मागे, म्हणाली,
गेल्या सोमवारी तू
संध्याकाळ म्हणाला होतास.