निवसरला क्रॉसिंग

आमच्या लग्नाला एकवीस दिवस झालेत.
रजिस्टर कचेरीत चार सह्या,
दोघांची वयं मिळून एकशे नऊ.
फिरायला कुठे जायचं, तर विश्राम म्हणाला,
पॅसेंजरनं सावंतवाडी.
पॅसेंजरच का?
ती सगळीकडे थांबते.

खिडकी त्यानं मलाच दिली.
मांडीवर वही, खिशात दोन पेनं,
एक निळं, वेळेवर आलेल्या स्टेशनांसाठी.
लाल पेनाची शाई चिपळूणलाच संपत आली.

मला समुद्र हवा होता.
कोकण म्हटल्यावर माणूस आणखी काय मागणार?
समुद्र उजवीकडे आहे, तो म्हणाला,
पण इथून दिसत नाही.
लांबच्या मामाबद्दल सांगावं तसं.
आहेत, पण येत नाहीत कुणाकडे.

बाहेर जांभा, जाळ्यांत बांधलेले कडे,
भाजावळीचा धूर,
मोहोर इतका की कलमं गंजल्यासारखी दिसत होती.
आणि हा सांगत होता
की डिझेलची इंजिनं गेली या मार्गावरून.
आवाज गेला, म्हणाला. एवढंच.
मग उक्शीपर्यंत गप्प बसला.
घरातलं कुणी गेल्यावरही
आमच्याकडे इतका वेळ शांतता पाळत नाहीत.

करबुड्याचा बोगदा.
साडेसहा किलोमीटर, हे त्यानं मला सांगितलं,
समोरच्या मुलाला सांगितलं,
आवळासुपारी विकणाऱ्या बाईला सांगितलं.
ती म्हणाली, रोज जातंय मी.
डब्यातले दिवे लागलेच नाहीत.
काळोख खिडकीतून आत आला, ओल्या दगडाच्या वासाचा.

काळोख मिळाला की मी वामनचा चेहरा आठवते.
सोळा वर्षांची सवय.
कपाळ आलं, भुवया आल्या,
चष्म्यापाशी येऊन चेहरा थांबला
आणि पुढे सरकेना.
शेजारी कुणीतरी हळू मोजत होतं,
तीनशे एक्कावन्न, तीनशे बावन्न.
मी त्या आकड्यांना धरून बसले.
उजेड आला तेव्हा विश्राम म्हणाला,
सहा मिनिटं चाळीस. तुझे किती?

रत्नागिरीला दोन वडे, एक चहा.
मी बिनसाखरेचा पिते हे त्याला ठाऊक नाही अजून.
पानवलच्या पुलाची उंची मात्र ठाऊक आहे.
पूल यायच्या आधी त्यानं खिडकी मागितली,
शाळेत पाणी प्यायला जाऊ का विचारतात तशी.
मी उठले.
पूल त्यानं पाहिला.
मी त्याची मान पाहिली,
कॉलरच्या वर न्हाव्यानं सोडलेले चार पांढरे केस.

निवसरला गाडी उभी राहिली ती राहिलीच.
क्रॉसिंग, तो म्हणाला,
पंगतीत जिलबी आली म्हणावं तसा.
उतरलो. फलाटावर एक कुत्रं, एक हिरवा झेंडा,
आंब्याखाली झाकून ठेवलेली कुणाची तरी मोटारसायकल.
पस्तीस मिनिटं.
मी चिडायचं ठरवलं होतं, पण मुहूर्त सापडेना.

मग ती आली, ट्रक पाठीवर घेतलेली मालगाडी.
ट्रकमागे ट्रक, चाकं सगळी थांबलेली,
तरी सगळे निघालेले दक्षिणेला.
एका केबिनमध्ये लुंगी वाळत होती.
एकजण कांदा चिरत होता.
एकजण आपल्याच ट्रकच्या आरशात बघून
दाढी करत होता,
अर्धा गाल फेसाचा, अर्धा कोकणचा.
मी हात केला. त्यानं वस्तरा हलवला.

एक्केचाळीस, विश्राम म्हणाला.
बेचाळीस, मी म्हणाले.
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
ट्रॅकवर अनोळखी इंजिन दिसावं तसं.
तू मोजत होतीस?
मग वही उघडली,
एक्केचाळीसवर काट मारली, आणि लिहिलं,
बेचाळीस, मंदाच्या मते.
निळ्या पेनानं.

दाढीवाला मी दोनदा मोजला होता.
हे मला अडवलीच्या पुढे लक्षात आलं.
सांगितलं नाही.